आधी याद, मग कुलूप

करमाळ्याच्या एका ताईंनी विचारलंय : ‘राजेरजवाड्यांचे मुकुट आणि जडजवाहीर शेकडो वर्षं सांभाळलं तरी कसं जात होतं? आमच्याकडे पणजीचे दागिने आहेत. पुतळ्यांची माळ, जडावाची चिंचपेटी, मोत्यांचा तन्मणी आणि काही सुटे डाग. मुलगा म्हणतो, सगळं वितळवून बिस्किटं करू आणि लॉकरमध्ये टाकू. काय करावं?’

ताई, मी सोलापुरात सराफ कट्ट्यावर बसतो. पेढी आजोबांपासूनची, मला स्वतःला गादीवर चाळीस वर्षं झाली. घडणावळ केली, मोड घेतली, भावाभावांच्या वाटणीत घरी जाऊन वजनं केली, देवस्थानांच्या मोजदादीला पंच म्हणून बसलो. त्यामुळे उत्तर आधीच सांगून टाकतो : वितळवू नका, आणि लॉकरचीही घाई करू नका. आधी याद करा. जुन्या कागदांत यादीला याद म्हणत. राजांच्या खजिन्यांचं जे काही आज आपल्याला दिसतं किंवा माहीत आहे, त्यामागे कुठे ना कुठे एक याद आहे.

राजदागिने म्हटलं की लोकांना चोऱ्या आठवतात. माझ्या लेखी चोर दुसरा. पहिली मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं.

इंग्लंडचंच बघा. १६४९ मध्ये तिथल्या पार्लमेंटनं राजाचा शिरच्छेद केला आणि राजचिन्हं मोडायचा हुकूम काढला. मुकुटांचं सोनं टांकसाळीत गेलं, त्याची नाणी पाडली, खडे सुटे करून विकले. त्या जुन्या ठेव्यातला राज्याभिषेकाचा एक चमचा मात्र वाचला. १२ व्या शतकातला, चांदीवर सोन्याचा मुलामा असलेला. राजाच्या वस्त्रागारातल्या एका नोकरानं तो १६ शिलिंगांना विकत घेतला आणि राजेशाही परत आल्यावर नव्या राजाच्या हवाली केला. आज लंडनच्या टॉवरमध्ये सेंट एडवर्डचा म्हणून जो मुकुट दाखवतात तो १६६१ साली नव्यानं घडवलेला आहे. जुन्या मुकुटात काय होतं हे तरी कसं कळलं? ज्यांनी मोडला त्यांनीच मोडण्यापूर्वी प्रत्येक नगाचं वजन आणि किंमत लिहून ठेवली होती, म्हणून. फ्रान्समध्ये तर १८८७ साली सरकारनंच राजदागिन्यांचा लिलाव केला. राजा परत येऊ नये म्हणून त्याचा मुकुटच शिल्लक ठेवायचा नाही, हा विचार. थोडे निवडक नग संग्रहालयासाठी ठेवले, बाकीचे जगभर पांगले.

आपल्याकडे काय वेगळं झालं? ६ जून १६७४ ला रायगडावर शिवछत्रपती ज्या सिंहासनावर बसले, ते सभासद बखरीत बत्तीस मण सोन्याचं सांगितलं आहे. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला आणि त्यानंतर ते सिंहासन कुणाच्या नजरेस आलं नाही. एवढं सोनं काही हवेत विरत नाही, पण एकदा मुशीत गेलं की त्याला ओळख उरत नाही. उद्या तुमच्या बांगडीत रायगडचं गुंजभर सोनं असलं, तरी तुम्हाला ते कसं कळणार?

हिऱ्याला मूस नसते, पण त्याला घासणारी सहाण असते. पेशव्यांच्या खजिन्यातला नाशिकचा हिरा, म्हणजे नासक, १८१८ मध्ये इंग्रजांना मिळाला. ते वर्ष आमच्या जिल्ह्यानं जवळून पाहिलं आहे. फेब्रुवारीत आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, मे महिन्यात सोलापूरचा किल्ला गेला. लंडनला पोचला तेव्हा तो हिरा जवळजवळ ९० कॅरेटचा होता. पुढे पैलू बदलत गेले आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कमध्ये शेवटचं काम झालं तेव्हा ४३.३८ कॅरेट उरला. कोहिनूरही १८६ कॅरेटचा होता, १८५२ मध्ये लंडनला पुन्हा पैलू पाडल्यावर १०५.६ झाला. झळाळी आली हे मान्य. पण आपल्या कारागिरानं खड्याचं वजन वाचवून जो घाट दिला होता, तो कायमचा पुसला गेला.

मी हे कुठल्या तोंडानं सांगतो, तेही ऐका. मी बावीस-तेवीस वर्षांचा असताना एका घरातून पुतळ्यांची माळ मोडीला आली. घरात लग्न होतं, पैशांची निकड होती. मी कस लावला, वजन केलं, हिशेब चुकता केला आणि संध्याकाळी माळ मुशीत टाकली. आजोबा देवळातून आले आणि त्यांनी एकच विचारलं, ‘पुतळ्या उलटून बघितल्यास का रे?’ मी बघितल्या नव्हत्या. पुतळी हे मुळात व्हेनिसचं नाणं. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ शुद्ध. समुद्रमार्गे ती आपल्या बंदरांत आली, आपल्या बायकांना त्यावरची माणसं बाहुल्यांसारखी दिसली, म्हणून पुतळी. पुढे इथल्या सोनारांनी तशाच पुतळ्या पाडल्या. त्या माळेत अस्सल किती आणि आपल्याकडच्या किती, हे आता कुणीही सांगू शकत नाही, कारण मी बघितलं नाही. तुळजापूरला देवीच्या अंगावर शिवछत्रपतींनी वाहिलेली मानली जाते ती पुतळ्यांची माळ पाहिली की मला आजही आजोबांचा तो प्रश्न ऐकू येतो. म्हणून ताई, सगळ्यात आधी तुमच्या माळेतली एकेक पुतळी उलटून बघा.

आता सांभाळण्याविषयी. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत जवाहिरखाना आणि जामदारखाना ही दोन वेगळी खाती होती. एकात रत्नं आणि दागिने, दुसऱ्यात मुख्यत्वे वस्त्रं. पुढे बोलण्यात जामदारखाना म्हणजेच खजिना असं होऊन गेलं. पण खरी युक्ती किल्ल्यांच्या कारभारात दिसते. किल्ल्या हवालदाराकडे, हिशेब सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे. ज्याच्या हातात किल्ली त्याच्या हातात वही नाही, आणि ज्याच्या हातात वही त्याला एकट्याला दार उघडता येत नाही. प्राग शहरात बोहेमियाचा मुकुट ठेवलेल्या दालनाला आजही सात कुलपं आहेत आणि सात किल्ल्या सात वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे. राष्ट्राध्यक्षांपासून शहराच्या महापौरापर्यंत सगळे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. तो मुकुट १४ व्या शतकातला आहे आणि अजून शाबूत आहे.

उलट उदाहरण पुरीचं. जगन्नाथाच्या रत्नभांडाराची पूर्ण मोजदाद १९७८ मध्ये झाली, पुढे कित्येक दशकं झालीच नाही. २०१८ मध्ये बघतात तर आतल्या खोलीची किल्ली सापडेना. अखेर १४ जुलै २०२४ ला भांडार उघडलं. भाविकांचा जीव चाळीसहून जास्त वर्षं टांगणीला लागला तो चोरीच्या बातमीनं नव्हे. यादी पुन्हा ताडून बघितली गेली नव्हती, म्हणून.

गुपित एकाच डोक्यात ठेवणं हाही धोकाच. रणजितसिंहांचे खजिनदार मिश्र बेलीराम कोहिनूर प्रवासात न्यायचे तेव्हा चाळीस उंटांवर एकसारख्या पेट्या लादायचे आणि हिरा कुठल्या पेटीत आहे ते फक्त त्यांनाच ठाऊक असायचं, असं सांगतात. दरबाराला ते चालून गेलं. घराला चालत नाही. आमच्या पेठेतला एक जुना वाडा पाडताना भिंतीतल्या कोनाड्यात तांब्याचा गडू सापडला, आत बिलवर, गोठ आणि तोडे. ठेवणारी आजी जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. त्याच दागिन्यांच्या संशयावरून दोन सख्खे भाऊ तेवढीच वर्षं एकमेकांच्या दारात गेले नव्हते. वजन करायला मला बोलावलं तेव्हा थोरला भाऊ नुसता बसून होता, बोलला काही नाही.

चोरांबद्दल थोडंच सांगतो, कारण त्यातलं शिकण्यासारखं थोडंच आहे. १६७१ मध्ये ब्लड नावाच्या माणसानं टॉवरमधला मुकुट उचलायचा प्रयत्न केला, तो भिंत फोडून नव्हे. पाद्र्याच्या वेषात आला, बरोबर खोटी बायको आणली, तिच्या पोटात दुखण्याचं सोंग केलं, राखणदाराच्या घरात ऊठबस वाढवली आणि शेवटी त्याच्या मुलीसाठी आपल्या पुतण्याचं स्थळ घेऊन आला. सोयरीक जुळवायला म्हणून शिरलेल्या त्या माणसानं म्हाताऱ्या राखणदाराला मारून पाडलं आणि झग्याखाली मावावा म्हणून मुकुट हातोडीनं चेपला. वेळेवर राखणदाराचा मुलगा घरी आला म्हणून ब्लड पकडला गेला. आणि डब्लिनमध्ये १९०७ साली आयर्लंडचे राजदागिने गेले ते आजतागायत मिळाले नाहीत. तिथे खास भक्कम खोली बांधली होती, पण तिजोरी तिच्या दारातून आत जाईना, म्हणून तिजोरी बाहेर ग्रंथालयातच ठेवली होती. तिजोरी घेण्याआधी दार मोजा, आणि घरात कुणाला कपाट उघडताना दिसतं याचा विचार करा. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या लूव्रमधून दिवसाढवळ्या आठ नग गेले, म्हणजे मोठी संग्रहालयंही सुटत नाहीत. पळताना चोरांच्या हातून सम्राज्ञी युजेनीचा मुकुट पडला आणि चेपला.

चोर नसतानाही दागिने मरतात, ते आपल्या हातानं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्याकडे येणारं निम्मं नुकसान याच प्रकारचं असतं.

तुमची चिंचपेटी जडावाची आहे, तर ती नुसती सोन्याची नाही. आतून पोकळ पत्र्याची, पोकळीत लाख भरलेली, खड्याखाली चांदीचा पातळ वर्ख, ज्याला आम्ही डांक म्हणतो, आणि कडेनं शुद्ध सोन्याचं कोंदण दाबून बसवलेलं. कोंदणाला टाका, म्हणजे झाळ, नसतो, ते दाबानंच धरतं. अशा डागाला साबणाच्या गरम पाण्यात बुडवलं की पाणी कोंदणातून आत शिरतं, डांक काळी पडते आणि खडा आंधळा होतो. लाख मऊ होऊन सरकते ते वेगळंच. दुकानात दागिने धुवायचं यंत्र असतं, पाण्यात थरथर करणारं. त्यात असा नग कुणालाही टाकू देऊ नका, माझ्या दुकानातसुद्धा. मऊ कोरड्या कापडानं पुसा, कोपऱ्यातली धूळ बारीक ब्रशनं काढा, बस्स.

मोत्याचं आणखी नाजूक. मोती हा जिवाच्या पोटात तयार झालेला, त्यात थोडं पाणी असतं. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि हवा खडखडीत. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, वर ओलावा शोषणारी पुडी टाकून मोती वर्षानुवर्षं ठेवले की ते वाळतात, निस्तेज होतात, कधी तडकतात. मलमलीच्या कापडात, हवा लागेल असे ठेवा आणि वर्षातून दोनदा तरी घाला. घातल्यावर घाम पुसून ठेवा, घामातलं आम्ल मोत्याला खातं. अत्तर आधी लावा, तन्मणी नंतर. पाचूच्या भेगांत बहुतेकदा तेल मुरवलेलं असतं. तेही कोरड्या हवेत उडतं आणि मग नसलेल्या भेगा दिसायला लागल्या असं लोकांना वाटतं. भेगा होत्याच. हिऱ्याचा डाग मोत्याजवळ ठेवू नका, ओरखडे पडतात. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीजवळ नको, चांदी काळी पडते. आम्हा सराफांचा तो गुलाबी कागदही दुकानातून घरी नेईपर्यंत ठीक, त्यात कायमचं गुंडाळून ठेवू नका, ओल लागली तर रंग उतरतो.

आणि गाठवणं. मोत्याचा दोरा दहा-बारा वर्षांत कुजतो. पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून घ्या, मोत्यामोत्यांत गाठ देऊन, म्हणजे तुटला तरी एकच मोती सुटतो. नायलॉन नको, त्याची धार भोकाची कड खाते. पंढरपूरला विठ्ठल-रुक्मिणीच्या दागिन्यांची सणापूर्वी स्वच्छता होते, सैल झालेले नग पुन्हा गाठवले जातात. म्हणून ते आजही अंगावर चढतात.

पेटीत कोंबूही नका. हंगेरीच्या राजमुकुटावरचा क्रूस वाकडा आहे. झाकण दाबून बंद करताना तो वाकला असं मानतात. तो मुकुट दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सोन्याच्या कोठारात होता, १९७८ मध्ये मायदेशी परतला, पण क्रूस तसाच वाकडा. त्याच युद्धात इंग्लंडच्या मुकुटातले मोलाचे खडे काढून बिस्किटांच्या डब्यात घालून विंडसरच्या किल्ल्यात जमिनीखाली पुरले होते. खडे पुन्हा आपापल्या घरात बसले, कारण कुठला खडा कुठला हे माहीत होतं. तुमच्या चिंचपेटीतला एखादा खडा सैल झाला तर तो काढून डबीत टाकून देऊ नका. कुठल्या घरातला ते चिठ्ठीवर लिहून ठेवा.

आता याद कशी करायची ते. एक सुट्टीचा दिवस काढा. मुलगा, सून, मुलगी जे कुणी आहेत ते बसू द्या. पांढरं कापड अंथरा, बाजूला मोजपट्टी ठेवा, प्रत्येक डागाचे पुढून-मागून फोटो काढा. मळसूत्र, फासा, मागची वीण, पुतळीच्या दोन्ही बाजू, सगळं. वजन ग्रॅममध्ये, दोऱ्यासकट की दोऱ्याविना ते स्पष्ट. खडे किती, मोती किती, मोडलेलं काय. जुनी चिठ्ठी सापडली तर तीही जपा. १ तोळा म्हणजे १२ मासे, ९६ गुंजा, जवळपास ११.६६ ग्रॅम, एवढ्यावर तुम्हाला पणजीच्या काळाचं वजन आजच्या वजनाशी ताडता येईल. दागिना कुणाकडून आला, कुणाच्या लग्नात, हेही लिहा. सोन्याच्या भावात याची किंमत शून्य, पण हे गेलं की उरतं ते फक्त सोनं.

एक काळजी घ्या : तपासल्याशिवाय नावं लिहू नका. पोलीस पंचनाम्यात ‘पिवळ्या धातूचा’ असं लिहितात ते बरोबर आहे. तुम्हीही ‘लाल खडा’ लिहा, ‘माणिक’ लिहू नका. इंग्लंडच्या राजाच्या मुकुटात पुढे बसवलेलं प्रसिद्ध माणिक शेकडो वर्षं माणिक म्हणून मिरवलं, ती निघाली लालडी, म्हणजे स्पिनेल नावाचा वेगळाच लाल खडा. प्रयोगशाळेत तपासून घेतलंत की मग नाव भरा. यादीच्या तीन प्रती करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, एक प्रत दागिन्यांपासून लांब, दुसऱ्या घरी ठेवा.

निजामाचे दागिने आज एकत्र आहेत ते यामुळेच. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर निजामानं १९५१ आणि १९५२ मध्ये दागिन्यांचे दोन विश्वस्त निधी केले आणि त्यात नग नोंदवले. पुढे वारस वाढले, खटले चालले, पण १९९५ मध्ये भारत सरकारनं २१८ कोटी रुपयांना १७३ नग घेतले ते एकगठ्ठा. १८४.७५ कॅरेटचा जेकब हिरा त्यातच आहे, आणि सगळं रिझर्व्ह बँकेच्या तळघरात. आमच्या भागातून तुळजापूर, नळदुर्ग ही निजामाकडची गावं, आजोबांकडे तिकडची गिऱ्हाइकं हाली सिक्के, म्हणजे निजामाचे रुपये, घेऊन यायची. त्या दागिन्यांची वाटणी होऊन ते पांगले नाहीत याचं मला मनापासून समाधान आहे.

याद झाली की मग लॉकर. पण नियम माहीत असू द्या. जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. तुमच्या माळेत पन्नास पुतळ्या असल्या तर नुसतं सोनंच पावणेदोनशे ग्रॅम भरेल, हिशेब तुम्हीच करा. पूर-भूकंपाची भरपाई तर त्यात येतही नाही. लॉकरमध्ये काय ठेवलंय हे बँकेला माहीत नसतं, त्यामुळे वेगळा विमा घ्या आणि त्याला हीच याद जोडा. दोन नावांवर लॉकर ठेवा, वारसाची नोंद करा. मुलगा परदेशी जाणार असेल तर एवढं सांगा, शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्यानं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

मुलाचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. तुटलेली यंत्रावरची साखळी, एकुलतं राहिलेलं कानातलं, पन्नास ठिकाणी टाके मारलेली अंगठी, हे खुशाल मोडा, मीही मोडून देईन. पण जडावाचा नग मोडीला आणलात तर काय होतं ते त्याला सांगा. लाख वजा होते, खड्यांना बहुतेक सराफ काही देत नाहीत, मुशीत घट येते, आणि घडणावळ, जी आज पैसे देऊनही करायला माणूस मिळत नाही, ती शून्य धरली जाते. त्याला दागिने सांभाळायला जड जात असतील तर सुनेला किंवा मुलीला विचारा, आणि कुणालाच नको असतील तर संग्रहालयाशी बोला.

शेवटचं एक, तारखेबद्दल. तुळजापूरच्या देवीचे दागिने नवरात्रात बाहेर येतात. आपल्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा घरातलं सगळं सोनं मुखवट्यांच्या गळ्यात चढतंच. तिसऱ्या दिवशी दागिने उतरवताना गेल्या वर्षीची याद हातात घ्या, घरातल्या धाकट्या पोरीला वाचायला लावा, सुनेला नग उचलू द्या, आणि काट्यावर घालून आकडा जुळतो का बघा. पुतळ्यांची संख्या न जुळल्यास त्याच दिवशी विचारता येईल, बघणारे सगळे घरातच असतात. सैल खडा, कुजलेला दोरा दिसला तर दिवाळीआधी घेऊन या. आणि येताना माळेतल्या ज्या पुतळ्यांवर गुडघे टेकलेला माणूस दिसेल त्यांना वेगळा धागा बांधून आणा. त्या मला बघायच्या आहेत.